जपानी चहाच्या दुकानाचे संकेतस्थळ आणि गूगल शोध : प्रकल्प नोंदी

शिझुओका प्रांतात मकिनोहारा पठाराजवळ असलेल्या एका जुन्या चहाच्या दुकानाचे जपानी संकेतस्थळ नव्याने बांधायचे आणि ते शोधात पुन्हा दिसू लागेल असे करायचे, एवढे हे काम आहे. जपानी शिकून जपानी कंपन्यांच्या वेबसाइटवर काम करणारी मराठी मंडळी पुण्यात पुष्कळ आहेत आणि जपानातही आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या वाट्याला असेच काम आले तर आमचा गेलेला वेळ त्यांचा जाऊ नये, म्हणून या नोंदी ठेवत आहोत. दुकानाचे नाव मालकांच्या इच्छेनुसार दिलेले नाही. एसइओच्या, म्हणजे संकेतस्थळ शोधात वर आणण्याच्या तंत्राच्या, सर्वसाधारण गोष्टी कुठेही वाचायला मिळतात. जपानी लिपीमुळे, जपानी ग्राहकामुळे आणि जपानी कायद्यामुळे जे वेगळे करावे लागले, तेवढेच येथे लिहिले आहे.

१५ जानेवारी २०२४

आज संकेतस्थळाची पहिली सविस्तर पाहणी झाली. पाने तीन वेगवेगळ्या काळांतली आहेत: सर्वांत जुनी शिफ्ट-जेआयएस या जपानी संकेतप्रणालीत, नंतरची यूटीएफ-८ या आज सर्वत्र चालणाऱ्या संकेतप्रणालीत, आणि तिसरा गठ्ठा बटणांच्या जुन्या मोबाइलसाठी वेगळा तयार केलेला. लोक कोणता शब्द शोधून संकेतस्थळावर येतात ते दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात पाहिले तर येणारे बहुतेक लोक दुकानाचे नाव टाकूनच आलेले दिसतात. ‘सेन्चा’, ‘होजिचा’, ‘फुकामुशी-चा’ असे मालाचे नाव टाकणारा माणूस जवळजवळ येतच नाही. ज्याला दुकान ठाऊक आहे तो पोहोचतो, पण ज्याला नुसता चांगला चहा हवा आहे त्याला हे दुकान अस्तित्वात असल्याचे कळत नाही.

सर्च कन्सोल फक्त सोळा महिन्यांचा डेटा ठेवते. नव्या चहाचा, म्हणजे शिन्चाचा, हंगाम एप्रिल-मे महिन्यांत असतो आणि गेल्या वर्षीच्या त्या महिन्यांचे आकडे आम्हाला पुढे लागणार आहेत, म्हणून कशालाही हात लावण्याआधी सगळा डेटा उतरवून ठेवला. हंगामी मालाच्या कामात ही गोष्ट पहिल्याच दिवशी करावी, कारण मागे सरकलेला महिना नंतर मिळत नाही.

याहूसाठी वेगळे काय करावे लागेल, असे मालकांनी विचारले. जपानमध्ये याहूवरून शोधणारे लोक अजूनही बरेच आहेत. परंतु याहू जपानने गूगलचे शोधतंत्र घेण्याचा निर्णय २०१० मध्येच जाहीर केला होता, त्यामुळे क्रमवारीपुरते वेगळे काम उरत नाही. याहू आपल्या निकालांत स्वतःच्या खरेदी आणि प्रश्नोत्तर सेवा मिसळते, एवढा फरक दिसतो. बिंगला साइटमॅप, म्हणजे सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी, पाठवून दिला.

२२ जानेवारी

निम्म्याहून अधिक जपानी पाने गूगलच्या अनुक्रमणिकेत नाहीत, याचे कारण आज सापडले. पूर्वी कुणीतरी संकेतस्थळाला तीन पानांचा इंग्रजी विभाग जोडला होता आणि वाचकाच्या ब्राउझरची भाषा पाहून त्याला आपोआप तिकडे पाठवण्याची सोय केली होती. पाने वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, म्हणजे गूगलबॉट, बहुतेक वेळा अमेरिकेतील पत्त्यांवरून येतो आणि भाषेची पसंती कळवतच नाही. त्यामुळे तो जपानी पानाच्या दारात आला की त्याची रवानगी इंग्रजी पानावर होत होती. जपानमधून पाहणाऱ्या मालकांना सगळे व्यवस्थित दिसत असल्यामुळे हे कधी कुणाच्या लक्षात आले नव्हते. आपोआप पाठवणे पूर्ण बंद केले आणि पानाच्या वरच्या बाजूला भाषा बदलण्याचा साधा दुवा दिला.

त्याच तपासणीत आणखी दोन गोष्टी दुरुस्त केल्या. भाषा दर्शवणाऱ्या हरेफलँग टॅगमध्ये ‘जेपी’ असे लिहिलेले होते. तो देशाचा संकेत आहे, जपानी भाषेचा संकेत ‘जेए’ आहे, आणि चुकीचा संकेत असलेला टॅग विचारात घेतला जात नाही. दुसरे म्हणजे विकत घेतलेल्या साच्यातून आलेली, पानाच्या कोडमधली भाषेची नोंद इंग्रजीच राहिली होती. गूगल पानाची भाषा मजकुरावरून ओळखतो, त्यामुळे क्रमवारीत त्याने बिघडत नाही. पण काही उपकरणांवर कान्जी, म्हणजे चिनीतून आलेली जपानी चित्राक्षरे, चिनी वळणाच्या दिसतात. हाड या अर्थाची कान्जी जपानी आणि चिनी वळणात सरळसरळ वेगळी दिसते. आपल्या शेजारच्या गावातले म्हणवणारे दुकान अशा अक्षरांत दिसले तर जपानी वाचक बिचकतो आणि मागे फिरतो.

२ फेब्रुवारी

सगळी पाने यूटीएफ-८ मध्ये आणण्याचे काम सुरू केले. पहिले रूपांतर फसले. शिफ्ट-जेआयएस म्हणून जे लिहिलेले असते ते बहुधा विंडोजचे विस्तारित रूप असते, ज्याला सीपी९३२ म्हणतात. रूपांतर करताना मूळ प्रमाण रूप निवडले की विस्तारात असलेली अक्षरे गळून पडतात. आमच्याकडे वर्तुळातले आकडे गेले, आणि एका चहा-उत्पादकाच्या आडनावातील ‘ताका’ ही कान्जी गेली, कारण ते कुटुंब तिचे शिडीसारखे उभे रूप वापरते आणि ते रूप केवळ विस्तारित संचात आहे. किमतीच्या पल्ल्यांत येणारी नागमोडी रेघ तर दोन रूपांतरांत दोन वेगळ्या संकेतांची झाली. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण मजकुरात शोधू गेल्यास अर्ध्या ठिकाणी सापडते आणि अर्ध्या ठिकाणी सापडत नाही.

सगळे पुन्हा सीपी९३२ धरून केले. उत्पादकाचे नाव त्याच्या कुटुंबाच्या रूपातच ठेवले आणि परिचयात एकदा नेहमीच्या रूपातही दिले, कारण शोधणारा माणूस कळफलकावर पहिले येणारे रूपच टाकतो.

९ फेब्रुवारी

जुन्या मोबाइलसाठीच्या पानांवर अर्ध्या रुंदीचा काताकाना (जपानीच्या दोन उच्चारलिप्यांपैकी एक) आहे. त्या काळी बाइट वाचवण्यासाठी तसा वापरत. इतर पानांवर इंग्रजी आकडे कुठे पूर्ण रुंदीचे, कुठे अर्ध्या रुंदीचे आहेत. ‘१०० ग्रॅम’ एवढीच गोष्ट अनेक प्रकारे लिहिलेली सापडली. सगळे एकसारखे करण्यासाठी एनएफकेसी हे युनिकोडचे प्रमाणीकरण पूर्ण मजकुरावर चालवले, आणि त्याने मोठे नुकसान केले.

चहा करण्याच्या कृतीत प्रत्येक पायरीला वर्तुळातला आकडा होता आणि त्याला लागूनच तापमान होते. पहिली पायरी, पाणी ७० अंश. एनएफकेसी वर्तुळातल्या एकाचा साधा एक करते, त्यामुळे तेथे १७० अंश असे छापले गेले. दुसऱ्या पायरीतले ६० सेकंद २६० सेकंद झाले. सेन्चाला उकळते पाणीही चालत नाही, ७० ते ८० अंशांवरच त्याची गोडी उतरते. अशा दुकानाच्या पानावर १७० अंश छापून येणे हा ग्राहकाच्या विश्वासाचा प्रश्न होतो. शिवाय पूर्ण रुंदीचे कंस अर्ध्या रुंदीचे झाले आणि नागमोडी रेघेच्या एका रूपाची साधी टिल्डे खूण झाली.

मूळ प्रत राखलेली असल्यामुळे परत फिरता आले, पण प्रत्येक पान डोळ्यांनी तपासण्यात जवळजवळ आठवडा गेला. शेवटी नियम असा ठरला: अर्ध्या रुंदीचा काताकाना पूर्ण रुंदीचा करायचा, पूर्ण रुंदीचे रोमन अक्षर-आकडे अर्ध्या रुंदीचे करायचे, बाकी कशालाही हात लावायचा नाही. पायऱ्यांसाठी वर्तुळातले आकडे काढून क्रमांकित यादी वापरली.

कोष्टकांत ‘किंमत’ या अर्थाच्या दोन कान्जींमध्ये रिकामी जागा सोडलेली होती, कारण तीन-चार अक्षरी शब्दांच्या रांगेत दोन अक्षरी शब्द तेवढाच रुंद दिसावा अशी जपानी छपाईची पद्धत आहे. यंत्राच्या दृष्टीने मात्र तो शब्द तुटतो. मधली जागा काढून टाकली आणि रुंदीचे काम सीएसएसकडे, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडकडे, दिले.

१९ फेब्रुवारी

शब्दांची यादी केली. या प्रकल्पातले सर्वांत महत्त्वाचे काम हेच, असे माझे मत आहे, आणि यावर वेळ घालवताना हात आखडता घेऊ नये.

एकाच चहाचे नाव जपानीत अनेक प्रकारे लिहिले जाते. फुकामुशी-चा, म्हणजे जास्त वेळ वाफवलेला चहा, तीन प्रकारे लिहिलेला आढळतो: ‘मुशी’साठी कान्जी आणि तिला हिरागाना या दुसऱ्या उच्चारलिपीची शेपटी, ‘मुशी’ पूर्ण हिरागानात, आणि संपूर्ण शब्द हिरागानात. होजिचाच्या ‘हो’ची कान्जी जपान सरकारच्या नित्य वापराच्या २,१३६ कान्जींच्या यादीत नाही, म्हणून लोक तो भाग हिरागानातच लिहितात, जुनी दुकाने मात्र भारदस्तपणासाठी कान्जी वापरतात, आणि आमचेही तेच करत होते. सेन्चाच्या ‘सेन्’ची कान्जी २०१० च्या सुधारणेत त्या यादीत आली, त्यामुळे तिथे अडचण नाही. याशिवाय ‘चा’ला आदराचा ‘ओ’ लावायचा की नाही, हाही भेद आहेच. एकच शब्द वेगवेगळ्या रूपांत लिहिण्याच्या या साऱ्या प्रकाराला तिकडे ह्योकी-युरे म्हणतात.

गूगल यातली बरीच रूपे एकमेकांशी जोडतो, पण सगळी नाही. आणि रूप बदलले की निकालांचा क्रम बदललेला आम्ही स्वतः पाहिला. शब्द किती शोधला जातो ते सांगणारा गूगलचा कीवर्ड प्लॅनर जवळची रूपे एकत्र करून आकडा देतो, त्यामुळे कोणते रूप खरोखर टाइप होते ते त्यात कळत नाही. आमचा उपयोगी पडलेला मार्ग असा: राक्को कीवर्ड या जपानी साधनातून शोधसूचनांची यादी काढायची, गूगल ट्रेंड्समध्ये रूपांची तुलना करायची, आणि सर्च कन्सोलमध्ये रेजेक्सने, म्हणजे मजकुराचा नमुना सांगणाऱ्या सूत्राने, सर्व रूपे एका गाळणीत धरून त्यांतली प्रत्यक्ष विभागणी पाहायची. फोनवर हिरागाना टाइप केल्यावर कळफलक जे रूप सर्वांत आधी सुचवतो तेच बहुतेक लोक स्वीकारतात, म्हणून दोन-तीन वेगळ्या फोनांवर शब्द टाइप करून पाहणे हीदेखील चांगली चाचणी आहे.

जुन्या संकेतस्थळावर फुकामुशी-चाच्या तीनही रूपांसाठी तीन पाने होती आणि मजकूर जवळजवळ एकच होता. तिन्ही एकमेकांच्या आड येत होती. एक पान ठेवले आणि बाकीची दोन ३०१ रीडायरेक्टने कायमची त्यावर वळवली. शीर्षकात आणि मुख्य मथळ्यात एकच रूप घेतले. इतर रूपे मजकुरात जिथे सहज येतात तिथेच येऊ दिली.

दुकानाच्या अंतर्गत शोधपेटीची नोंदवहीही शब्दांसाठी उपयोगी पडली. त्यात ‘चा’ ही एकटी कान्जी टाकणारे लोक पुष्कळ होते आणि त्यांना एकही निकाल मिळत नव्हता. डेटाबेसची जपानी शोधसूची दोन-दोन अक्षरांचे तुकडे करून बनते, म्हणून एका अक्षराचा शोध रिकामा परत येतो. चहाच्या दुकानात ‘चहा’ शोधून काही न मिळणे बरे नव्हे. एका अक्षरासाठी वेगळी वाट करून दिली.

१ मार्च

प्रत्येक मालाच्या पानावर लांबलचक चित्र होते आणि सगळा मजकूर त्या चित्रातच होता. जपानी दुकानांत ही सवय फार खोल गेलेली आहे, आणि तिला कारणही आहे: सुंदर जपानी अक्षरे वेबवर आणणे जड पडते. जेआयएस या जपानी प्रमाणाच्या पहिल्या दोन स्तरांत मिळून ६,३५५ कान्जी आहेत, त्यामुळे एका फॉन्टची फाइल काही मेगाबाइटची होते. चित्रांतला मजकूर हाताने पुन्हा लिहून घेतला. अंदाजपत्रकातला जवळजवळ तिसरा हिस्सा या एका कामावर गेला. यंत्राने वाचून पाहिले होते, पण उभ्या ओळी आणि ब्रशच्या वळणाची अक्षरे यांत इतक्या चुका निघाल्या की दुरुस्तीपेक्षा नव्याने लिहिणे स्वस्त ठरले. या मजकुरात मालकांच्या वडिलांनी लिहिलेली बागांची, वाफवण्याच्या वेळांची आणि यबुकिता जातीच्या झाडांची माहिती होती. शोधासाठी दुकानाकडची सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती आणि गूगलला तिचे एक अक्षरही नीट वाचता येत नव्हते.

मुख्य मजकुरासाठी उपकरणातलाच फॉन्ट ठेवला आणि वेब फॉन्ट मथळ्यांपुरता घेतला. गूगल फॉन्ट्स जपानी फॉन्टचे शंभराहून अधिक तुकडे करून लागतील तेवढेच पाठवतो, त्यामुळे हे परवडले.

मथळे मोबाइलवर शब्दाच्या मध्येच तुटत होते, कारण जपानीत शब्दांमध्ये जागा नसते. योग्य ठिकाणी तुटावेत म्हणून आधी शून्य रुंदीची अदृश्य जागा घातली. ती मथळ्यातून शीर्षकात आणि मर्चंट सेंटरच्या, म्हणजे गूगलला विक्रीच्या मालाची यादी पाठवण्याच्या सेवेच्या, मालनावांतही शिरली, आणि नाव जुळेनासे झाले. ती सगळीकडून काढून टाकली. क्रोमच्या ११९ व्या आवृत्तीपासून सीएसएसमध्ये वाक्खंडानुसार ओळ तोडण्याची सोय आहे, तीच वापरली. इतर ब्राउझरमध्ये मथळा थोडा वेडावाकडा तुटला तरी चालेल असे ठरवले.

१४ मार्च

शोधाची क्रमवारी लावण्याच्या पद्धतीतले गूगलचे मोठे मुख्य अद्यतन ५ मार्चला सुरू झाले आहे. क्रमवारी रोज खालीवर होत आहे. ते संपेपर्यंत कोणत्याही बदलाचे श्रेय किंवा दोष आमच्या कामाला द्यायचा नाही, असे मालकांना सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले.

पानांचे पत्ते ठरवले. जपानी अक्षरांतला पत्ता गूगलला चालतो, पण कॉपी केल्यावर एकेका कान्जीची टक्केचिन्हांसह नऊ अक्षरे होतात, आणि लाइन या जपानी संदेश-अ‍ॅपवर कुणी तो दुसऱ्याला पाठवला तर संदेशात नुसता कचरा दिसतो. या दुकानाचे ग्राहक एकमेकांना दुवे पाठवतात, म्हणून रोमन लिपीतले लहान पत्ते घेतले. 

काही छायाचित्रे सर्व्हरवर असूनही उघडत नव्हती. त्यांची नावे जपानीत होती आणि जुन्या मॅकवरून चढवलेली होती. तिथे ‘गा’ हे अक्षर ‘का’ आणि त्याच्या डोक्यावरची खूण अशा दोन तुकड्यांत साठवले जाते. पानातला दुवा मात्र एकसंध ‘गा’ मागतो. सगळ्या फाइलींची नावे रोमन केली.

२८ मार्च

मर्चंट सेंटरने बरेचसे सामान नाकारले. पानावर करविरहित किंमत ठळक होती आणि पाठवलेल्या यादीत करासहित. जपानमध्ये १ एप्रिल २०२१ पासून ग्राहकाला एकूण किंमत दाखवणे बंधनकारक आहे, तेव्हा पानच दुरुस्त करणे भाग होते. चहा हा खाद्यपदार्थ असल्यामुळे त्यावर ८ टक्के कर आहे, किटली आणि कप यांवर १० टक्के. दोन्ही एकत्र असलेल्या संचांची किंमत हिशोबनिसांकडून तपासून घेतली. दूरविक्री कायद्यानुसार द्यावयाच्या माहितीचे पान जुन्या मोबाइलच्या गठ्ठ्यातच उरले होते. ते मुख्य पानाच्या तळाशी आणले.

१ एप्रिल

शिन्चाचे पान आज चढले. आधीच्या पद्धतीत दरवर्षी वर्षाचा आकडा असलेले नवे पान बनत असे आणि जुने पुसले जात असे, त्यामुळे मिळालेले दुवे दरवर्षी वाया जात. आता पत्ता कायमचा एक, आत फक्त वर्ष बदलेल. गेल्या वर्षीचा जपून ठेवलेला डेटा सांगतो की लोक पाने खुडली जाण्याच्या पुष्कळ आधीपासून ‘शिन्चा’सोबत ‘आगाऊ नोंदणी’ हा शब्द टाकू लागतात. वसंतारंभापासून अठ्ठ्याऐंशीवा दिवस, म्हणजे चहा खुडण्याचा परंपरेने मानलेला दिवस हाचिजूहाचिया, यंदा १ मे रोजी आहे. तो दिवस पाहून पान बनवायला घेतले तर हंगाम हातून गेलेला असतो.

१० मे

अद्यतन १९ एप्रिललाच पूर्ण झाल्याचे गूगलने २६ तारखेला कळवले. त्यानंतरचे आकडे पाहता शिन्चाचे पान आपल्या परिसराच्या नावासह केलेल्या शोधांत पहिल्या पानावर आहे. नुसत्या ‘शिन्चा’ या शब्दावर मोठी बाजारपेठ संकेतस्थळेच वर आहेत आणि तिथे झुंजण्यात अर्थ नाही.

शीर्षके मात्र पुन्हा लिहावी लागली. जपानी शीर्षकांत सुरुवातीला जाड चौकटी कंस घालून ‘अधिकृत’, ‘मर्यादित’ असे शब्द देण्याची पद्धत आहे. आमच्या शीर्षकांत तसे दोन-दोन कंस होते, महत्त्वाचा शब्द त्यांच्यामागे ढकलला जात होता, आणि गूगल बरेचदा स्वतःचेच शीर्षक दाखवत होता. आता तीस जपानी अक्षरांच्या आसपास, मालाचे नाव आधी, गाव नंतर, दुकानाचे नाव शेवटी, असे ठेवले आहे.

२७ मे

मालकांच्या आई फोनवरच्या मागण्या अजून स्वतः घेतात आणि वहीत लिहितात. त्यांनी ती वही आम्हाला दाखवली. प्रत्येक मागणीपुढे तीन गोष्टी आहेत: वेष्टनावरच्या कागदावर, म्हणजे नोशीवर, काय लिहायचे, कोणत्या तारखेच्या आत पोहोचवायचे, किती घरांना पाठवायचे. मोठ्या मागण्या जवळजवळ सगळ्या एकाच प्रकारच्या निघाल्या. घरात मृत्यू झाल्यावर लोक जी रोख रक्कम देतात तिला कोदेन म्हणतात. एकोणपन्नासावा दिवस झाल्यावर कुटुंब तिच्या साधारण निम्म्या ते एक तृतीयांश किमतीची भेट परत पाठवते, ती कोदेन-गाएशी. दुःखाची आठवण घरात वस्तूरूपाने उरू नये म्हणून वापरून संपणारी वस्तू देतात, आणि चहा ही त्यातली रूढ वस्तू आहे. संकेतस्थळावर याबद्दल ‘भेटवेष्टन करून मिळेल’ एवढी एकच ओळ होती.

आम्ही त्यासाठी आधी ‘भेटीचा चहा’ असे एकच पान केले होते, ज्यात बाळाच्या जन्मानंतरची भेट आणि कोदेन-गाएशी दोन्ही होते. ते कोणत्याच शोधात वर आले नाही. त्याहून वाईट म्हणजे शोकातल्या माणसाला पहिल्यांदा शुभप्रसंगाच्या लाल-पांढऱ्या दोरीचे चित्र दिसत होते. पान दोन केले.

कोदेन-गाएशीच्या पानावर वहीतले ज्ञान जसेच्या तसे घेतले. नोशीवर देशभर चालणारा शब्द ‘कोकोरोझाशी’ आहे. ओसाका-क्योतोच्या कान्साई भागात ‘मान्चूइन्शी’ लिहितात आणि लोक शोधतातही त्याच शब्दाने. दोरी सर्वसाधारणपणे काळी-पांढरी असते, कान्साईत पिवळी-पांढरी. होक्काइदोमध्ये भेट त्याच दिवशी हातोहात देण्याची रीत आहे, म्हणून तिथल्या ग्राहकाला किती लवकर माल मिळेल हे आधी सांगावे लागते. या प्रत्येक फरकासाठी मथळा दिला, कारण प्रत्येक फरक हा कुणाचा तरी स्वतंत्र प्रश्न आहे आणि तो माणूस तो प्रश्न त्याच शब्दांत टाकतो.

सोबत पाठवायच्या आभारपत्राचा नमुना दिला. अशा पत्रात स्वल्पविराम आणि पूर्णविराम घालत नाहीत, ही जुनी रीत आहे. आमच्या मजकूर-तपासणीच्या साधनाने ते सगळे विराम आपोआप घातले आणि पान तसेच चढले. मालकांच्या आईंनी ते पाहताच फोन केला. त्या पानाला तपासणीतून वगळले आहे. साच्यातली ‘पुन्हा पुन्हा मागणी असलेला चहा’ ही पट्टीही तिथून काढली, कारण शोकाच्या प्रसंगी पुनरावृत्ती सुचवणारे शब्द जपानी माणूस कटाक्षाने टाळतो. मजकूर लिहिणाऱ्या यंत्राला किंवा परक्या लेखकाला या गोष्टी कळणार नाहीत. असे पान दुकानातल्या ज्येष्ठ माणसाला वाचून दाखवल्याशिवाय चढवू नये.

१४ जून

एका एजन्सीने दुकानाला दोन गोष्टी देऊ केल्या: पैसे देऊन ब्लॉगवर लेख आणि दुवे, आणि ‘चहाने वजन घटते’ अशा आरोग्यलेखांची मालिका. दोन्ही नाकारायला मालकांना सांगितले. १ ऑक्टोबर २०२३ पासून जाहिरात असल्याचे लपवून केलेली जाहिरात जपानमध्ये बेकायदा आहे. विकतच्या दुव्यांबाबत तर खुद्द गूगल जपाननेच २००९ मध्ये ब्लॉगरना पैसे देऊन लिहवून घेतल्यावर गूगलने स्वतःच्या जपानी पत्त्याचा पेजरँक (पानाचे वजन दाखवणारा गूगलचा आकडा) ९ वरून ५ वर आणला होता. आरोग्यलेखांचे म्हणाल तर २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये एक मोठे आरोग्य संकेतस्थळ निकृष्ट लेखांमुळे बंद पडल्यावर गूगलने २०१७ च्या डिसेंबरमध्ये केवळ जपानी शोधासाठी बदल केला, आणि त्याचा परिणाम वैद्यकीय-आरोग्यविषयक शोधांपैकी सुमारे ६० टक्क्यांवर झाला. खाद्यपदार्थाला औषधी गुण चिकटवणे औषधविषयक कायद्यातही बसत नाही. चहाची चव, पाणी, तापमान, साठवण याबद्दल दुकानाला जे ठाऊक आहे तेच लिहायचे ठरले.

५ जुलै

गूगल आजनंतर सर्व संकेतस्थळे फक्त स्मार्टफोन गूगलबॉटने पाहणार आहे. बटणांच्या मोबाइलची पाने त्याआधी मिटवली. डोकोमो या मोबाइल कंपनीने बटणांच्या मोबाइलवरची आय-मोड ही इंटरनेट सेवा ३१ मार्च २०२६ रोजी बंद करण्याचे जाहीर केले आहे; तरीही जुना वृद्ध ग्राहक त्यावरून येत असेल तर त्याची वाट तोडायची नाही, म्हणून सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या. त्या पानांवर केवळ बॉट येत होते. प्रत्येक पान त्याच मालाच्या नव्या पानावर वळवले; सगळे एकदम मुखपृष्ठावर वळवण्याचा सोपा मार्ग घेतला नाही, कारण तसे केले तर जुन्या दुव्यांचा उपयोग राहत नाही.

१९ जुलै

ओचूगेनच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या, भेटींचा काळ तोक्योच्या कान्तो भागात संपला आहे, कान्साईत ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालेल. पानावर दोन्ही मुदती वेगवेगळ्या दिल्या आहेत. कोदेन-गाएशीच्या पानावरून आता दर आठवड्याला मागण्या येतात, आणि त्यांत ‘मान्चूइन्शी’ टाकून आलेले ओसाका-क्योतोचे ग्राहक आहेत, जे या दुकानाला पूर्वी कधीच नव्हते. आभारपत्राच्या नमुन्यावर सर्वांत जास्त लोक येतात. त्यांतले बहुतेक चहा न घेता जातात, तरीही ते पान ठेवायचे असे मालकांचे मत आहे आणि आम्हालाही तेच योग्य वाटते.

उरलेली कामे: वर्षअखेरच्या ओसेइबो भेटींचे पान सप्टेंबर संपण्याआधी कायमच्या पत्त्यावर चढवणे, चित्रांतून काढलेल्या मजकुरातली बागांची माहिती मालकांच्या आईंकडून तपासून घेणे, आणि पुढच्या फेब्रुवारीत शिन्चाच्या पानावरचे वर्ष बदलून ‘आगाऊ नोंदणी’चा भाग वर आणणे.